रोव्हर, बांध आणि दोन सेंटिमीटर

महाराष्ट्रातल्या जमिनीचा हिशेब आजही एका साखळीवर उभा आहे. ३३ फूट लांबीची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फुटांचा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मुंबई इलाख्याची नवी मोजणी हाती घेतली, तेव्हापासून शंकू-साखळी घेऊन माणसे शेताशेतांतून हिंडली. त्यांनी टिपणात लिहिलेले आकडे भूमि अभिलेख कार्यालयांच्या कपाटांतून अजूनही बाहेर काढले जातात. साखळी केव्हाच गेली, प्लेन टेबल मागे पडले, ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) आले, आणि आता भूकरमापकाच्या हातात दोन मीटरच्या काठीवर बसवलेला, उपग्रहांचे संकेत घेणारा रोव्हर आहे. काठी टेकवायची, बुडबुडा मध्यावर आणायचा, काही सेकंद थांबायचे. पडद्यावर अक्षांश-रेखांश उमटतात आणि शेजारी लिहिलेले असते : अचूकता ०.०१४ मीटर.

चौदा मिलिमीटर! हा आकडा पाहून शेतकरी हरखतो, आणि कधी कधी भूकरमापकही. या पुस्तकाची गरज तिथेच सुरू होते. चौदा मिलिमीटर हे कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, एवढे जरी वाचकाला नेमके कळले तरी बांधावरची निम्मी भांडणे योग्य जागी जातील. मिटतील असे मी म्हणत नाही.

उपग्रहांवरून जागा ठरवण्याची कल्पना ऐकायला सोपी आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह स्वतःची जागा आणि वेळ सांगत असतो. संदेश पोहोचायला किती वेळ लागला ते मोजले की अंतर कळते, आणि चार उपग्रहांपासूनची अंतरे हाती आली की आपल्या जागेचे तीन आकडे आणि आपल्या घड्याळाची चूक, अशी चारही अज्ञाते सुटतात. अडचण वेगाची आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागाची चूक झाली तरी हातभर जमीन इकडची तिकडे. अमेरिकेने जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला तो सैन्य, जहाजे आणि विमाने डोळ्यांपुढे ठेवून. त्यांना काही मीटरांचा नेम पुरेसा होता. संदेशातल्या ज्या सांकेतिक क्रमावरून सामान्य यंत्र अंतर काढते, त्या नागरी क्रमाचा एकेक तुकडा जवळजवळ ३०० मीटर लांबीचा असतो. त्याच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत बारकाईने मोजले तरी हाती तीन मीटर राहतात. गाडीला रस्ता दाखवायला तीन मीटर चालतात. तीन मीटरांत बांध मात्र पुरता हरवतो.

सेंटिमीटर आले ते आडवाटेने, आणि ती वाट काढली खगोलशास्त्राच्या बाजूने आलेल्या लोकांनी. अतिदूरच्या रेडिओस्रोतांचे संकेत दोन दुर्बिणींनी एकाच वेळी टिपायचे आणि त्यांतल्या फरकावरून दोन दुर्बिणींमधले अंतर काढायचे, हे तंत्र तोवर रुळले होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये चार्ल्स काउन्सेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच जीपीएसला लावले. उपग्रह काय सांगतो आहे याच्या फंदात न पडता ते सांगणे ज्या लहरीवर स्वार होऊन येते ती लहरच मोजायची! ही लहर १९ सेंटिमीटर लांबीची, आणि तिच्या एका फेऱ्यातला शंभरावा भागही यंत्राला ओळखता येतो. म्हणजे दोन मिलिमीटर. या तत्त्वावरचे मॅक्रोमीटर हे यंत्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मोजणीच्या कामाला लागले होते. जीपीएसचे सगळे उपग्रह आकाशात जाऊन ती यंत्रणा पूर्ण झाल्याचे जाहीर व्हायला १९९५ उजाडले. सैन्यासाठी बांधलेल्या व्यवस्थेतून तिच्या मालकांनीही न योजलेली अचूकता मोजणीवाल्यांनी आधीच काढून घेतली होती.

पण लहर मोजण्यात एक पेच आहे, आणि या साऱ्या शास्त्राचे मर्म त्या पेचात आहे. समजा, एका टेपवरचे मीटर आणि सेंटिमीटरचे सगळे आकडे घासून गेले आहेत आणि बारीक खाचा तेवढ्या शिल्लक आहेत. शेवटचे मिलिमीटर बिनचूक वाचता येतील, पण त्याआधी किती पूर्ण सेंटिमीटर गेले ते टेप सांगणार नाही. उपग्रहाची लहर तशीच आहे. शेवटच्या लहरीचा अंश कळतो. मधल्या पूर्ण लहरी किती, ते कळत नाही. मात्र ती संख्या पूर्णांक आहे एवढे नक्की, आणि तेवढ्या एका खात्रीवर सगळी इमारत उभी राहते. सुरुवातीच्या काळात ही संख्या सोडवायला यंत्र एका जागी तास तास मांडून बसावे लागे. उपग्रह आकाशात सरकत जात आणि चुकीचे पूर्णांक एकेक करून गळत. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाचे पीटर टेउनिसेन यांनी १९९३ मध्ये लॅम्डा नावाची पद्धत मांडली. तिने या शोधाला भक्कम गणिती पाया मिळाला आणि तासांचे काम सेकंदांवर आले. रोव्हरच्या पडद्यावर ‘फ्लोट’ जाऊन ‘फिक्स’ येते ते पूर्णांक ठरल्याच्या क्षणी.

ठरले, म्हणजे बरोबरच ठरले असे नव्हे. यंत्र सर्वांत संभाव्य पूर्णांक निवडते, दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराशी त्याची तुलना करते, आणि फरक पुरेसा वाटला की कौल देते. आंब्याच्या दाट झाडीखाली, पत्र्याच्या शेडजवळ, उंच इमारतींच्या बोळात लहर थेट न येता आपटून येते, आणि मग हा कौल चुकू शकतो. पूर्णांक चुकला तरी पडद्यावरचा आकडा तसाच चौदा मिलिमीटर राहतो, आणि जागा मात्र अर्धा मीटर सरकलेली असते. म्हणून जुन्या मोजणीवाल्यांचा नियम इथेही सोडायचा नाही : तोच बिंदू काही वेळाने, फिक्स तोडून, पुन्हा नव्याने घ्यायचा. दोन्ही वेळा तीच जागा आली तर ठीक. साखळीच्या काळात उलट दिशेने मोजून ताळा घेत, त्याच जातीची ही सवय आहे. माझ्या मते या पुस्तकातला सर्वांत मोलाचा सल्ला तोच, आणि घाईच्या दिवशी सर्वांत आधी मोडला जाणाराही तोच.

लहरीच्या मोजणीला दुसरा आधार वजाबाकीचा. जागा आधीपासून पक्की माहीत असलेल्या ठिकाणी एक यंत्र ठेवायचे, त्याला बेस म्हणतात; दुसरे घेऊन हिंडायचे, तो रोव्हर. उपग्रहाच्या घड्याळाची चूक, कक्षेची चूक आणि वातावरणाने लावलेला उशीर दोघांनाही जवळजवळ सारखाच भोगावा लागतो, म्हणून एकातून दुसरे वजा केले की तो निघून जातो. अमेरिकी सरकार मे २००० पर्यंत नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, आणि त्यामुळे साध्या यंत्राची जागा शंभर मीटरपर्यंत भरकटे. मोजणीवाल्यांना त्याचा फारसा त्रास झाला नाही, कारण ती चूकही वजाबाकीत जाई.

वजाबाकी चालते ती दोन्ही यंत्रे जवळ असतील तोवर. अंतर वाढले की दोघांच्या डोक्यावरचे आकाश वेगळे होते. उत्पादक आपल्या माहितीपत्रकात ‘८ मिलिमीटर अधिक १ पीपीएम’ असे लिहितात, त्यातला पीपीएम हाच : बेसपासूनच्या दर किलोमीटरला आणखी एक मिलिमीटर. स्वतःचा बेस मांडून राखण बसवण्याऐवजी कायमची स्थानके उभारावीत, त्यांचे निरीक्षण एका केंद्रात जमा करावे आणि मधल्या जागेसाठी दुरुस्ती इंटरनेटवरून पुरवावी, ही कल्पना त्यातून आली. तिला कॉर्स म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर अशी हजाराच्या आसपास स्थानके उभारली आहेत. महाराष्ट्र या कामात सुरुवातीपासून होता आणि राज्यात सत्तरहून अधिक स्थानके आहेत, म्हणजे ढोबळमानाने साठ-सत्तर किलोमीटरांवर एक. आता भूकरमापक एकच रोव्हर घेऊन निघतो. बेस त्याच्या सिमकार्डात असतो. सह्याद्रीच्या दरीत मोबाइलची रेंज गेली की अचूकताही जाते, हे मात्र शहरात बसून योजना आखणाऱ्यांच्या चटकन लक्षात येत नाही.

धोरणाची वाटही याच काळात मोकळी झाली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे आणि भू-स्थानिक माहितीवरची बहुतेक परवाना-बंधने उठवली. आडव्या मापात एक मीटर आणि उभ्या मापात तीन मीटर यांपेक्षा सूक्ष्म माहिती भारतीय संस्थांनी तयार करावी आणि ती देशातच ठेवावी, एवढी मर्यादा राहिली. त्याआधी खाजगी सर्वेक्षकाला कागदोपत्री जे अडथळे पार करावे लागत, ते नव्या पिढीला सांगूनही पटत नाहीत.

आपल्या डोक्यावरच्या आकाशाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण परदेशी पुस्तकांत हे प्रकरण दोन परिच्छेदांत उरकलेले असते. युरोपात ते पुरतेही. आपल्याकडे पुरत नाही. वातावरणाच्या वरच्या थरात, आयनांबरात, सूर्यप्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या संकेताला उशीर लावतात. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. थुंबा येथे १९६३ मध्ये अग्निबाणांचे केंद्र उभे राहिले ते त्याचसाठी. दिवसा हे इलेक्ट्रॉन विषुववृत्तावर वर उचलले जातात आणि उत्तर-दक्षिणेला दूर जाऊन उतरतात. उत्तरेकडचा त्यांचा ढीग साधारण गुजरात-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यावर साचतो. महाराष्ट्र या ढिगाच्या उतारावर येतो. उतारावर असल्यामुळे पन्नास किलोमीटरांवरच्या दोन ठिकाणी उशीर सारखा नसतो, आणि वजाबाकीचा सगळा भरवसा तर तो सारखा असण्यावर. सूर्यास्तानंतर या थरात बुडबुडे उठतात, संकेत लुकलुकतो, फिक्स सुटतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात विशेष, आणि सूर्यावर डागांची गर्दी असलेल्या वर्षांत फारच. दोन वारंवारितांचे संकेत एकत्र वापरले की या उशिराचा मोठा भाग काढता येतो, म्हणून मोजणीच्या कामाला एकाच वारंवारितेचे स्वस्त यंत्र घेऊ नये. तरीही उरतो तो उरतोच. मे २०२४ मधल्या सौर वादळात अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत उपग्रहांच्या आधाराने चालणारे ट्रॅक्टर शेतात थांबले होते. आपल्याकडे संध्याकाळी सातला फिक्स येत नसेल तर यंत्राला किंवा कंपनीला दोष देण्याआधी महिना कोणता ते पाहावे.

उंचीचे गणित वेगळेच आहे. रोव्हर जी उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिताने आखलेल्या आकारापासूनची. पाणी तो आकार मानत नाही. पाणी गुरुत्वाकर्षण मानते. भारताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात, गुरुत्वाकर्षणाने ठरणारी पाण्याची पातळी जगात सर्वांत खोल गेली आहे, शंभर मीटरांहून अधिक, आणि त्या खळग्याचा उतार आपल्यापर्यंत पोहोचतो. म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर लाटांत पाय बुडवून उभे राहिले तरी रोव्हर उणे साठ मीटरांपलीकडचा आकडा दाखवतो. आपल्या जुन्या उंचीखुणा नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या सरासरीवर १९०९ मध्ये बांधल्या गेल्या, त्यांत मुंबई एक होते. या दोन उंचींमधला फरक जागोजागी बदलतो, काही ठिकाणी किलोमीटरला काही सेंटिमीटर. पाच हजारांत एक उताराच्या कालव्याला किलोमीटरमागे मिळतात वीस सेंटिमीटर. हा फरक न लावता, किंवा चुकीचा लावून, कालव्याची आखणी केली तर कागदावर उतार दिसेल आणि पाणी जागीच उभे राहील. रस्त्यांच्या, कालव्यांच्या, पाणीपुरवठ्याच्या कामात रोव्हर वापरणाऱ्यांनी लेव्हलिंगचे यंत्र अजून विकू नये.

आणखी एक गोष्ट जमीनधारकाला विचित्र वाटते : अक्षांश-रेखांशाला तारीख लागते. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. वीस वर्षांत एक मीटर. उपग्रहांची चौकट साऱ्या जगाची आहे, ती आपल्याबरोबर सरकत नाही. त्यामुळे आज घेतलेले निर्देशांक आणि वीस वर्षांपूर्वीचे निर्देशांक यांत एक मीटरचा फरक दिसला तर शेजाऱ्याने बांध कोरला असे समजू नये. शेजारी, बांध आणि आपण सगळे मिळूनच सरकलो आहोत. कोणत्या चौकटीतले आणि कोणत्या तारखेचे निर्देशांक, हे लिहिलेले नसेल तर आठ दशांश स्थळांचा आकडाही अर्धवट आहे. जुन्या नकाशांत गोंधळ याहून मोठा. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा मोजून सुरू केलेली त्रिकोणी मोजणी, अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट ओढत, उत्तरेकडे येत गेली. ते स्वतः १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. पुढे एव्हरेस्ट यांनी त्या मोजणीवरून पृथ्वीचा जो आकार ठरवला, त्यावर भारताचे नकाशे दीडशेहून अधिक वर्षे निघाले. त्या चौकटीतली जागा आणि आजच्या उपग्रह-चौकटीतली जागा यांत महाराष्ट्रात शंभर मीटरांच्या घरात फरक पडतो. हे माहीत नसलेला माणूस जुन्या नकाशावर नवा रोव्हर लावतो आणि विहीर शेजारच्या गटात जाते.

आता बांधाकडे वळतो. या पुस्तकाचे लेखक ज्या प्रकरणात बांधाविषयी लिहितात ते मी दोनदा वाचले, आणि माझे मतही त्यांच्याच बाजूचे आहे. रोव्हर सांगतो : हा दगड पृथ्वीवर इथे आहे. शेतकरी विचारतो : माझी हद्द कुठे आहे? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर उपग्रह देतात. दुसऱ्याचे उत्तर टिपणात, गुणाकार बुकात, फाळणी बाराच्या कागदात, १९४७ च्या कायद्याखाली झालेल्या एकत्रीकरणाच्या गट नकाशात, आणि पिढ्यांच्या वहिवाटीत असते. मैलाला आठ इंच प्रमाणाच्या गावनकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळजवळ चार मीटर रुंद होते. त्या चार मीटरांत नेमकी हद्द कुठे, ते चौदा मिलिमीटरचे यंत्र सांगू शकत नाही. कारण ती माहिती कागदावर कधी उतरलीच नव्हती. कापड ताणले गेले, कागद आकसला, नकाशा पुन्हा पुन्हा ट्रेस झाला, त्याचा फरक वेगळाच. भूकरमापक जे खरे कौशल्याचे काम करतो ते जुन्या नकाशातल्या न हललेल्या खुणा जमिनीवर ओळखण्याचे : तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, जुनी विहीर, नाल्याचे वळण. त्या खुणा रोव्हरने घ्यायच्या, नकाशा त्यांच्यावर बसवायचा, आणि उरलेला फरक लपवायचा नाही. यंत्र जितके अचूक होत जाते तितका जुन्या कागदाचा सैलपणा उघडा पडतो, आणि लोकांना वाटते की नवी मोजणीच भांडण लावते आहे.

याच्या उलट, नवी नोंद कशी करावी याचे चांगले उदाहरण गावठाणाचे आहे. गावठाणातल्या घरांना सातबारा नव्हता आणि बहुतेक गावांत मोजणीही झालेली नव्हती. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना जाहीर केली तेव्हा महाराष्ट्राच्या हाती तो अनुभव होता. ड्रोनच्या छायाचित्रांना जमिनीवर टेकवायला कॉर्सचे निर्देशांक लागतात, हे झाले तंत्र. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ड्रोन उडण्याच्या आदल्या दिवशीची आहे. त्या दिवशी घरमालक आणि शेजारी एकत्र उभे राहतात आणि आपापल्या मिळकतीची हद्द चुन्याने आखतात. ती पांढरी रेघ माणसांनी मान्य केलेली असते. वरून यंत्र फक्त ती टिपते. जिथे शेजारी एकमेकांशी बोलत नाहीत तिथे चुना पडत नाही, आणि मग कितीही उपग्रह डोक्यावर असले तरी त्या घराची हद्द वादातच राहते.

पुढच्या काही वर्षांत यंत्रे आणखी स्वस्त होतील. अमेरिका, रशिया, युरोप आणि चीन या चारही यंत्रणांचे उपग्रह एकत्र धरले तर एका वेळी तीस-चाळीस दिसतात, आणि पूर्णांकाचा पेच त्यामुळे पुष्कळ लवकर सुटतो. युरोपच्या गॅलिलिओने जानेवारी २०२३ पासून वीस सेंटिमीटरच्या आसपासची दुरुस्ती थेट उपग्रहांवरून फुकट द्यायला सुरुवात केली. बेस नको, सिमकार्ड नको, फक्त थोडा वेळ थांबायचे. रेंज नसलेल्या दऱ्यांसाठी हे मोलाचे आहे, बांधासाठी नाही. ‘देशी जीपीएस’ म्हणून वर्तमानपत्रांत येणाऱ्या नाविकबद्दल उत्साह असावा, पण मोजमापाने. सात उपग्रहांची ही यंत्रणा २०१६ मध्ये उभी राहिली, मग परदेशी अणुघड्याळे बिघडली. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये भारतात बनवलेले घड्याळ बसले आणि इतर यंत्रणांशी जुळणारा संकेतही आला, तर जानेवारी २०२५ मधला पुढचा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. आज मोजणीच्या कामात नाविक ही जोड आहे, आधार नव्हे.

पुस्तक वाचताना क्रम सोडला तरी चालेल. ज्यांना लहरी आणि पूर्णांकांच्या गणिताची धास्ती वाटते त्यांनी ती प्रकरणे मागे ठेवून आधी नमुना नोंदींकडे जावे. तिथे प्रत्येक बिंदूखाली चौकट, तारीख, कोणते स्थानक, फिक्स किती वेळा घेतला आणि दोन वेळांतला फरक किती, हे लिहिण्याचे रकाने दिले आहेत. कार्यालयाच्या छापील नमुन्यात ते रकाने नसतील तर शेऱ्याच्या जागी लिहावेत. वकिलांनी आणि तलाठ्यांनी हद्दीचे प्रकरण वाचावे. अभियंत्यांनी उंचीचे, आणि तेही कालव्याच्या निविदेआधी.